नंबर आपला, वाचणार दुसरा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मागच्या दिवाळीत माझा पुतण्या चांदूर बाजारहून अमरावतीला आमच्याकडे आला. संत्र्याचा आंबिया बहार त्या साली चांगला साधला होता, व्यापाऱ्यानं बगीचा बऱ्या भावात उचलला होता आणि घरात पहिली चारचाकी यायची होती. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यानं विषय काढला. "काका, गाडी तं पसंत केली. आता नंबर पाह्याचा हाय."

मी म्हटलं, "नंबर आरटीओ देते. त्यात पाह्याचं काय?"

"तसा नाई. मले नौच्या टोटलचा पाह्यजे. पैसे लागले तं लागले."

माझ्याकडेच यायचं कारण असं, की मी पस्तीस वर्षं मोटार विम्याच्या कचेरीत काढली. अकोला, वाशीम आणि शेवटची काही वर्षं अमरावती. गाडीचा नंबर हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. एखाद्या डॉक्टरला लोक लग्नाच्या पंगतीतही नाडी दाखवतात, तसं लोक मला कुठंही गाठून गाडीबद्दल विचारतात. पुतण्याला जे सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगतो. त्यात थोडा हिशेब आहे आणि शेवटी एक घरचीच गोष्ट आहे.

आधी नंबर म्हणजे काय ते पाहू. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि आजच्या पद्धतीचे नंबर सुरू झाले. एमएच म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन आकडे नोंदणी कार्यालयाचे. अमरावतीचा सत्तावीस, बुलढाण्याचा अठ्ठावीस, यवतमाळचा एकोणतीस, अकोल्याचा तीस, वाशीमचा सदतीस. आपल्याकडची लहान मुलंसुद्धा बसस्टँडवर उभी राहून गाडी कुठली ते सांगतात. त्यानंतर येतात इंग्रजी अक्षरं. ती झाली मालिका, म्हणजे सिरीज. आणि शेवटी चार आकडे, ०००१ पासून ९९९९ पर्यंत. एक मालिका संपली की पुढची अक्षरं सुरू होतात. त्यात आय आणि ओ ही अक्षरं सहसा घेत नाहीत, कारण लांबून ती एक आणि शून्यासारखी दिसतात. हे कारण लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

या साऱ्यात आपल्या पसंतीला वाव किती? फक्त शेवटच्या चार आकड्यांना. राज्य आपलं, जिल्हा सहसा आपल्या पत्त्याचा, अक्षरं त्या वेळी जी मालिका चालू असेल ती. इंग्लंडमध्ये अक्षरं आणि आकडे जुळवून स्वतःच्या नावासारखा नंबर विकत घेता येतो. तिथलं सरकारच १९८९ पासून असे नंबर विकतं आणि २०१४ साली एका नंबरला पाच लाख पौंडांच्या वर मोजले गेले. दुबईत २०२३ मध्ये 'पी ७' हा नंबर साडेपाच कोटी दिरहॅमला गेला. आपल्याकडे नाव लिहायची सोय कायद्यात नाही. आपल्याला निवडायचे आहेत फक्त चार आकडे. तरी त्या चार आकड्यांसाठी काय काय होतं! चंदीगडमध्ये २०२२ साली एका गृहस्थांनी ०००१ हा नंबर पंधरा लाख चव्वेचाळीस हजारांना घेतला आणि लावला कशाला, तर सत्तर-एकाहत्तर हजारांच्या स्कूटरला. हिमाचलमध्ये २०२३ ला एका स्कूटरच्या ९९९९ नंबरसाठी एक कोटी बारा लाखांची बोली लागली. पण बोली लावणाऱ्यानं पैसेच भरले नाहीत. मोठ्या बोलीची बातमी होते, भरलेल्या पैशाची होत नाही.

आता आपल्या राज्यातला हिशेब. काही नंबर सरकारनं 'आकर्षक' म्हणून ठरवून ठेवले आहेत आणि त्यांचं शुल्क ठरलेलं आहे. हे शुल्क २०१३ नंतर थेट ऑगस्ट २०२४ मध्ये वाढलं. सगळ्यात महाग अर्थातच ०००१. अमरावती-अकोल्यासारख्या ठिकाणी चारचाकीसाठी तो पूर्वी तीन लाखांना होता, आता पाच लाखांना आहे. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक अशा मागणीच्या ठिकाणी सहा लाख. दुचाकीला पन्नास हजारांचे एक लाख झाले. त्याखाली ०००९, ००९९, ०९९९, ९९९९, ०७८६ असे नंबर. त्यांना चारचाकीसाठी दीड लाखाचे अडीच लाख आणि दुचाकीसाठी वीस हजारांचे पन्नास हजार. त्याच्याही खालच्या पायरीवर आणखी काही नंबर आहेत. त्यांचे चारचाकीला सत्तर हजारांचे एक लाख झाले, दुचाकीला पंधरा हजारांचे पंचवीस हजार. मग उतरत उतरत आणखी पायऱ्या येतात. शुल्काचा तक्ता बदलत असतो, म्हणून अर्ज करायच्या आधी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. चहाच्या टपरीवर ऐकलेला आकडा धरून बँकेत जाऊ नये.

पुतण्याला हे आकडे सांगितले तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मंग ०००९ घेऊ. अडीच लाख."

मी विचारलं, "तुझ्या बगीच्याच्या ठिबकचे पैसे देऊन झाले का?" त्यावर तो हसला. उत्तर काही आलं नाही.

अर्ज कसा करायचा तेही सांगतो. गाडी खरेदी करताना वितरकाला, म्हणजे शोरूमवाल्याला, पहिल्याच दिवशी सांगा की नंबर पसंतीचा घ्यायचा आहे. आता नोंदणीची कागदपत्रं तोच ऑनलाइन भरतो. एकदा रांगेतला नंबर पडला की "मला दुसरा द्या" हे चालत नाही. पूर्वी माझ्या पाहण्यात असे कितीतरी लोक आले, की गाडीची पूजा झाली, पेढे वाटले आणि मग आठवलं.

पुढची पायरी म्हणजे मालिका कोणती चालू आहे ते बघणं. चालू मालिकेत जे नंबर शिल्लक आहेत, ते नोव्हेंबर २०२४ पासून घरबसल्या ऑनलाइन घेता येतात. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल लागतो, त्यावर ओटीपी येतो, पैसेही तिथंच भरता येतात. पण नवी मालिका उघडायची असते तेव्हा गोष्ट वेगळी. कार्यालय तशी जाहीर सूचना काढतं, पेपरातही ती छापून येते. दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळेत अर्ज द्यायचा. सोबत शुल्काचा डिमांड ड्राफ्ट, पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, पॅनकार्ड. एका नंबरला एकच अर्ज आला तर प्रश्नच नाही. दोन किंवा जास्त आले, की त्यांची यादी फलकावर लागते. मग त्या लोकांनी बंद पाकिटात जादा रकमेचा दुसरा ड्राफ्ट द्यायचा. पाकिटं सगळ्यांसमोर उघडतात आणि ज्याचा ड्राफ्ट मोठा, त्याचा नंबर. हरलेल्याला त्याचा ड्राफ्ट परत मिळतो.

या बंद पाकिटात खरी मेख आहे. समोरच्यानं किती टाकले ते दिसत नाही. बाजार समितीत कापसाचा हर्रास होतो तेव्हा निदान समोरच्याचं तोंड दिसतं. इथं माणूस स्वतःच्याच मनातल्या माणसाशी बोली लावतो. म्हणून माझा सल्ला असा, की पाकीट भरायच्या आदल्या रात्री घरच्यांसमोर बसून एक आकडा ठरवा आणि सकाळी तो वाढवू नका.

आणखी तीन गोष्टी. एक, दुचाकीच्या मालिकेतला नंबर चारचाकीला हवा असेल तर तिप्पट शुल्क पडतं. दोन, नंबर राखून ठेवल्यावर दिलेल्या मुदतीत गाडीची नोंदणी करावी लागते. नाही केली तर नंबर जातो आणि पैसेही जातात. म्हणून गाडी हाती यायची तारीख पक्की नसेल तर घाई करू नका. तीन, २०२४ च्या बदलानंतर राखून ठेवलेला नंबर नवरा-बायको, मुलगा, मुलगी यांच्या नावे करता येतो. पूर्वी ती सोय नव्हती.

आता नऊच्या टोटलकडे येऊ. आपल्याकडे कुणाला बेरीज नऊ लागते, कुणाला एक, कुणाला पाच. आठ आला की पुष्कळांच्या कपाळावर आठी येते, कारण आठाचा संबंध शनीशी लावतात. कुणाला मुलीची जन्मतारीख हवी असते, कुणाला वडिलांच्या जुन्या राजदूतचा नंबर. यात हसण्यासारखं मला काही वाटत नाही. माणूस आयुष्यात एक-दोनदा गाडी घेतो, तिच्यावर आपली काही खूण असावी असं त्याला वाटतं. पण थोडं गणित करून पाहा. ०००१ ते ९९९९ या नंबरांत बेरीज शेवटी नऊ येणारे नंबर किती? एक हजार एकशे अकरा. म्हणजे दर नवव्या गाडीला नऊची टोटल फुकटातच मिळते! ०००९ ला अडीच लाख लागतात ते नऊ या बेरजेचे नाहीत, तो आकडा देखणा आहे म्हणून लागतात. नुसती बेरीजच हवी असेल तर यादीत नसलेला एखादा साधा नंबर मागा. तो राखायलाही शुल्क पडतं, पण ते या मानानं पुष्कळच कमी. हे सांगितल्यावर पुतण्यानं मोबाइल काढून खात्री केली आणि म्हणाला, "काका, हे कोनीच सांगत नाई."

नंबर ठरला की प्रश्न येतो पाटीचा, नंबरप्लेटचा. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट शोरूममधूनच बसवून मिळते. ती ॲल्युमिनियमची असते. डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात भारताची इंग्रजी आद्याक्षरं आणि लेझरनं कोरलेला स्वतःचा क्रमांक. ती न निघणाऱ्या खिळ्यांनी बसवतात, काढायला गेलं की खिळा तुटतो. त्याआधीच्या जुन्या गाड्यांनाही आपल्या राज्यात ती सक्तीची झाली. त्यासाठी पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची होती आणि नंतर ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. जुन्या गाड्यांसाठी ठरलेले दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५, वर जीएसटी. नोंदणी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनच करा. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेल्या लिंकवर पैसे भरू नका. त्या नावानं फसवणारे पुष्कळ आहेत.

अक्षरांचं मापही कायद्यात दिलेलं आहे. चारचाकीवर प्रत्येक अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांमधली जागा १०. अक्षरं आणि आकडे इंग्रजी. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळे, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळे, विजेवरच्या गाडीला हिरवी पाटी. इतकं बारीक माप कशाला, असं मलाही नोकरीच्या सुरुवातीला वाटायचं. पुतण्यालाही तेच वाटलं. कारण त्याच्या मनात पुढचा बेत होता. एक ओळखीचा पेंटर आकड्यांना असं वळण देतो म्हणे, की २१४ चा 'राम' होतो, ४१४१ चा 'पापा' होतो, ४९१२ चा 'पवार' होतो, ८०५५ चा इंग्रजीत 'बॉस' होतो. "नवी प्लेट राहू द्याची घरी, अन् हे लावाची," असं तो म्हणाला.

तेव्हा मी त्याला माझ्या मावसभावाची गोष्ट सांगितली. तो गेला तेव्हा हा पुतण्या शाळेत होता, त्याला नीट आठवत नव्हतं.

२००९ सालचा उन्हाळा. मावसभाऊ कुरूमकडून मूर्तिजापूरला लुनावर चालला होता. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा नव्हता. आता अमरावती-अकोला मार्गाचं काम असं झालं, की जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा जागतिक विक्रम तिथं नोंदवला गेला. त्या वेळी रस्ता अरुंद होता आणि संध्याकाळची वेळ होती. मागून एका जीपनं धडक दिली आणि ती थांबलीच नाही. रस्त्याच्या कडेला एक चहावाला होता. त्यानं सगळं पाहिलं, तोच धावत गेला, त्यानंच पाणी पाजलं. पोलिसांनी विचारलं, गाडीचा नंबर काय? तो म्हणाला, "साहेब, पांढरी जीप होती. मांगं 'पापा' लिहेल होतं."

त्यानं बरोबरच वाचलं होतं. पाटी वाचायला सांगितली होती ती 'पापा' म्हणूनच. बाकीची अक्षरं बारीक करून कोपऱ्यात सारलेली असणार, ती पळत्या गाडीवर कुणाला दिसणार?

मी विमा कचेरीतला माणूस. मला वाटलं, ४१४१ तर मिळाला, आता गाडी सापडेल. मग हिशेब मांडला आणि हातपाय गळाले. मघाशी सांगितलं ना, प्रत्येक मालिकेत एक ४१४१ असतो. अमरावतीच्या प्रत्येक मालिकेत एक, अकोल्याच्या प्रत्येक मालिकेत एक. बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, नागपूर, तसेच. आणि हा हमरस्ता आहे, त्यावरून गुजरातपासून छत्तीसगडपर्यंतच्या गाड्या जातात. शिवाय तो खरोखरच ४१४१ होता, की कुणी हौसेनं नुसता शब्दच लिहिला होता, हेही नक्की नव्हतं. काही गाड्या तपासल्या गेल्या. त्यातली एकही ती नव्हती. फाइल बंद झाली.

याचा परिणाम काय झाला तो ऐका. गाडी सापडली असती तर तिच्या विमा कंपनीवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता आला असता. तिथं मृताचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, सगळं मोजून भरपाई ठरते. माझ्या मावसभावाचं वय तेव्हा बेचाळीस होतं. मागं बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. पण धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही की वेगळी योजना लागते आणि तिच्यात रक्कम ठरलेली असते. त्या वेळी मृत्यूला पंचवीस हजार रुपये होते आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार. १ एप्रिल २०२२ पासून ते दोन लाख आणि पन्नास हजार झाले आहेत. आम्हाला पंचवीस हजारच मिळाले. तेही तहसील कचेरीत वहिनीला किती चकरा मारायला लागल्या ते मी पाहिलं आहे. ज्या कामात मी आयुष्य घालवलं, त्याच कामात माझ्याच घरच्या माणसासाठी मला काही करता आलं नाही. चार आकडे हातात होते, पण त्यांच्या आधीची अक्षरं नव्हती.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं घडलं, आणि घडू नये, तर दोन गोष्टी करा. पहिली, नंबर पूर्ण मिळाला नाही तरी जे दिसलं ते सारं लगेच लिहून ठेवा आणि पोलिसांना सांगा. जिल्ह्याचा आकडा, मालिकेची अक्षरं, गाडीचा रंग, मागं लिहिलेलं काही. आता टोलनाक्यांवर आणि शहरांत कॅमेरे आहेत, अर्धा नंबरही कामी येतो. दुसरी, गाडी सापडली नाही म्हणून गप्प बसू नका. धडक देऊन पळालेल्या गाडीच्या योजनेत अर्ज करा. पुष्कळांना ही योजना माहीतच नसते.

गोष्ट संपल्यावर पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मंग थे मावशीचं लेकरू आता काय करते?" मी सांगितलं, मोठा मुलगा मूर्तिजापूरला दुकानात आहे. शिक्षण अर्धवट सुटलं.

मित्रहो, मी पसंतीच्या नंबराच्या विरुद्ध नाही. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावा, पैसा सरकारच्याच तिजोरीत जातो. जन्मतारीख घ्या, लग्नाची तारीख घ्या, नऊची टोटल घ्या. पण एक लक्षात ठेवा. स्वतःच्या गाडीचा नंबर आपण क्वचितच वाचतो, तो आपल्याला पाठ असतो. वाचणारा असतो दुसरा. रस्त्याच्या कडेचा चहावाला, मागून येणारा स्कूटरवाला, शाळेतून सुटलेलं पोर. कधी आपली गाडी चोरीला गेली तर ती ओळखणारा कुणी अनोळखी माणूस. त्या पासष्ट मिलिमीटर उंचीच्या अक्षरांवर त्याचाही हक्क आहे. आय आणि ओ ही अक्षरं सरकारनं वगळली ती याच माणसासाठी.

पुतण्यानं शेवटी यादीबाहेरचा एक साधा नंबर घेतला, बेरीज नऊ येणारा. उरलेल्या पैशातून ठिबकची बाकी फेडली. पेंटरकडे तो गेलाच नाही. गाडी घरी आल्यावर त्यानं फोन केला. मला वाटलं, पूजेचं सांगेल. तो म्हणाला, "काका, गाडी धुऱ्यावर उभी केली अन् वीस पावलं मांगं जाऊन पाह्यलं. पुरा नंबर वाचता येते."

मी म्हटलं, "बस. आता पेढे आण."